वाटेत सायकल बिघडली तर

एटापल्लीहून आलापल्ली सुमारे ३० किलोमीटर. तेथून पेरमिली आणि ताडगावमार्गे हेमलकसा आणखी साधारण ६० किलोमीटर. त्याच्या जवळच भामरागड, जेथे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांचा संगम होतो. वाटेत दोन मुक्काम करीत विद्यार्थ्यांनी सायकलीने पाहावा असा हा प्रदेश आहे. शहराजवळच्या सहलीत सायकल बिघडली तर अर्ध्या तासाचा खोळंबा होतो. येथे दोन गावांमध्ये दूरवर वनच असते, दुरुस्तीचे दुकान नसते आणि फोन लागेलच याचीही खात्री नसते. त्यामुळे बिघाड झाला की पहिला प्रश्न पडतो तो अंधारापूर्वी मुक्काम गाठण्याचा. सायकल-शिबिराचा विचार करणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि त्यांना सोबत करू इच्छिणारे माजी विद्यार्थी यांच्यासाठी ही माहिती एकत्र मांडत आहे.

वाटेतील बहुतेक बिघाड निघण्यापूर्वीच टाळता येतात. प्रत्येक सायकल वीतभर उचलून हलकेच जमिनीवर सोडावी. जे खडखडेल ते ढिले आहे असे समजून तेथील नट आवळावा. चाक हवेत फिरवून ते ‘आउट’ आहे का, ब्रेकची रबरे रिमला नीट टेकतात का, हे पाहावे. साखळी पुसून तिला थोडे तेल द्यावे. सर्वांच्या सायकलींची चाके एकाच मापाची नसतात. म्हणून टायरच्या बाजूवर छापलेले माप वहीत टिपून प्रत्येक मापाची किमान एक जादा ट्यूब घ्यावी. पंप, पाने, पेचकस, सोल्युशन, ठिगळे, काचकागद, साखळीचे जादा लॉक, बारीक तार आणि दोरी एवढे साहित्य पुरते. मात्र ते एकाच पिशवीत ठेवू नये. ती पिशवी पुढे निघून गेली तर मागचे निरुपाय होतात.

सर्वाधिक प्रसंग येतात ते पंक्चरचे. बोरीबाभळीचे काटे आणि बांबूच्या शिलका ही येथील प्रमुख कारणे. हवा कमी झाली की लगेच ट्यूब काढू नये. व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी फाटली असेल तरीही हवा जाते आणि ती बदलणे दोन मिनिटांचे काम आहे. ट्यूब काढावीच लागली तर टायरच्या आतून फडके फिरवून काटा शोधून काढावा. काटा तसाच राहिला तर नवी ट्यूबही पुन्हा फुटते. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात धरल्यावर बुडबुडे येतात ती जागा पुसून कोरडी करावी, काचकागदाने घासावी, सोल्युशनचा पातळ थर द्यावा आणि तो सुकेपर्यंत थांबावे. ओल्या सोल्युशनवर लावलेले ठिगळ टिकत नाही. टायरच फाटला असेल तर जुन्या टायरचा तुकडा आतून अस्तरासारखा ठेवावा. काहीच उपाय उरला नाही तर ट्यूबऐवजी टायरमध्ये धानाची तणस दाबून भरावी आणि सायकल ओझ्याविना हळूहळू पुढच्या गावापर्यंत न्यावी.

दुसरा नेहमीचा बिघाड स्पोकचा. आपल्या परिचयाच्या काळ्या सायकलीला बहुधा पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, कारण ओझे मागे असते. शिबिरात अंथरूण-पांघरूण आणि भांडी कॅरिअरवर लादली की मागचेच स्पोक तुटतात. तुटलेला स्पोक शेजारच्या स्पोकला गुंडाळून बांधावा, ब्रेक थोडा ढिला करावा आणि त्या सायकलचे ओझे इतरांनी वाटून घ्यावे. साखळी तुटल्यास बिघडलेली कडी काढून लॉकने जोड द्यावा. फ्रीव्हील चिखलाने अडकले तर मातीतेल सोडून ते मोकळे करावे आणि मग तेलाचे दोन थेंब द्यावेत.

काही बिघाड रस्त्यावर दुरुस्त करू नयेत. पुढचा फोर्क वाकला, फ्रेमला चीर गेली किंवा ब्रेक निकामी झाला तर त्या सायकलवर कोणी बसू नये. ती वाहनातून पुढे न्यावी. तारेने बांधलेला फोर्क उतारावर जीव घेऊ शकतो. तसेच दुरुस्तीसाठी रस्त्याच्या कडेला न बसता रस्ता सोडून आत जावे. सूरजागडच्या लोहखनिजाचे अवजड ट्रक आलापल्लीच्या रस्त्याने जातात, हे विसरून चालणार नाही. सर्वांत सावकाश चालवणाऱ्याला पुढे ठेवावे, दुरुस्तीचा जाणकार सर्वांत मागे असावा, आणि एक थांबला की सर्वांनी थांबावे.

या संदर्भात इतिहासातील एक उदाहरण उपयुक्त ठरेल. १८९७ साली अमेरिकेच्या २५व्या पायदळातील २० कृष्णवर्णीय सैनिक मोन्टाना राज्यातील फोर्ट मिसौला येथून सायकलींवर निघाले आणि सुमारे १,९०० मैलांचा प्रवास ४१ दिवसांत करून सेंट लुईसला पोहोचले. ज्या सैन्यात त्यांच्या तुकड्या गोऱ्यांपासून वेगळ्या ठेवल्या जात, त्याच सैन्यातील हे सैनिक होते. चिखल, वाळू आणि डोंगर ओलांडताना त्यांच्या सायकली वारंवार बिघडल्या. त्यांच्यातील जॉन फिंडली हा सैनिक सायकल-दुरुस्तीचा जाणकार होता. तुकडी पोहोचली त्यात पायांच्या बळाइतकाच त्याच्या हातांतील विद्येचा वाटा होता.

आपल्याकडे मात्र हातातील विद्येला अजूनही दुय्यम मानले जाते, आणि मुलींच्या हाती तर पाना क्वचितच दिला जातो. मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या, ही मोठी गोष्ट झाली. परंतु सायकल मिळणे वेगळे आणि ती चालती ठेवणे वेगळे. पंक्चर झालेली सायकल आठवडाभर भिंतीला टेकून राहिली तर आठवडाभराची शाळा बुडते. आणि अशी बुडालेली शाळा पुढे कायमची सुटण्यास फार वेळ लागत नाही. शिबिरात ठिगळ लावायला शिकलेली मुलगी ते ज्ञान गावी घेऊन जाते आणि धाकट्या बहिणीलाही शिकवते.

म्हणून सहलीला निघण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आणि विद्यार्थिनीने एकदा स्वतःच्या हाताने चाक काढून, पंक्चर जोडून, चाक पुन्हा बसवून दाखवावे, असा नियम शाळेने करावा. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना हे काम येते त्यांनी एखादा रविवार त्यासाठी द्यावा. भामरागडचा संगम पाहून परतलेली मुले काही वर्षांत तेथील दृश्य कदाचित विसरतील. हातात आलेले हे काम मात्र त्यांच्याजवळ राहील.