ऑस्करचें वर्षफल

पाडव्यास पंचांगांतील वर्षफल ऐकावें, यंदा राजा कोण, मंत्री कोण, मेघांचा स्वामी कोण हें समजून घ्यावें, ही आपल्या घरांतील जुनी चाल आहे. अमेरिकेंतील चित्रपटसृष्टीचेंहि असेंच एक वर्षफल दर हिवाळ्यांत मांडलें जातें. ऑस्करची ती सोनेरी मूर्ति यंदा कोणाच्या हातीं पडणार, एवढाच त्यांतील प्रश्न. पण त्यावर तेथें मोठमोठीं वृत्तपत्रें रकानेच्या रकाने खर्ची घालतात. हल्लीं आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनहि तरुण मंडळी पहांटे उठून हा समारंभ पाहतात, व आदल्या रात्रीं पानावर बसल्याबसल्या पैजा मारतात. ह्या पैजा बहुधा फसतात. ह्याचें कारण आमच्या मतें एकच आहे. मंडळी परीक्षा करितात चित्रपटाची. करावयाची असते ती मतदारांची.

पहिल्या समारंभाच्या वेळीं भाकितास वावच नव्हता. १६ मे १९२९ रोजीं हॉलीवुडच्या रूझवेल्ट हॉटेलांत सुमारें २७० पाहुणे जेवावयास जमले, तेव्हां विजेत्यांचीं नांवें जाहीर होऊन तीन महिने लोटले होते, आणि पारितोषिकें वाटण्याचें काम पाव तासांत उरकलें. पुढें निकाल गुप्त ठेवण्याचें ठरलें. तरी वृत्तपत्रांस तो आगाऊ कळविला जाई, अट इतकीच कीं रात्रीं अकरापूर्वीं तो छापूं नये. १९४० सालीं ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ पत्रानें तो सायंकाळच्या अंकांतच छापून टाकला, आणि समारंभाची सारी गंमत गेली. दुसऱ्या वर्षापासून मोहोरबंद लखोटे आले. लखोट्यांमागोमाग ज्योतिषीहि आले!

आतां हे मतदार कोण, तें पाहूं. अकादमी ही टीकाकारांची सभा नव्हे, कीं प्रेक्षकांचीहि नव्हे. नट, दिग्दर्शक, लेखक, छायाचित्रकार, संकलक अशा धंद्यांतील सुमारें दहा हजार लोकांची ती संस्था आहे. प्रथम नटांनीं नट निवडावयाचे, संकलकांनीं संकलक; आणि अखेरच्या फेरींत सर्वांनीं सर्वांस मत द्यावयाचें, अशी साधारण रीत आहे. ह्याच लोकांपैकीं पुष्कळजण आपापल्या धंद्याच्या संघांचेहि सभासद असतात, व ते संघ कांहीं आठवडे आधीं आपलीं स्वतःचीं पारितोषिकें वाटतात. शितावरून भाताची परीक्षा करावयाची ती येथें. दिग्दर्शकांच्या संघाचें शीत तर फारच भरंवशाचें! १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून आजवर त्या संघाचा कौल व अकादमीचा कौल ह्यांत फरक पडल्याचे प्रसंग बोटांवर मोजतां येतील. १९८६ सालीं स्पीलबर्ग व २०१३ सालीं बेन ॲफ्लेक ह्यांस संघानें गौरविलें असतां अकादमीनें त्यांस उमेदवारांच्या यादींतहि घेतलें नव्हतें. असले चमत्कार विरळा. उलट ‘गोल्डन ग्लोब’ नांवाच्या पारितोषिकाचा गाजावाजा आधीं व फार होतो; पण तें देणारे पत्रकार. त्यांस पत्रकार म्हणून अकादमींत मत नाहीं. म्हणून त्या आवाजानें आपण हुरळून जाऊं नये.

उत्कृष्ट चित्रपटाच्या बाबतींत मात्र नुसतें शीत चांचपून भागत नाहीं, कारण तेथें मतमोजणीची रीतच निराळी आहे. इतर पारितोषिकांत ज्यास सर्वांत अधिक मतें तो विजयी. परंतु २०१० च्या समारंभापासून ह्या एका पारितोषिकासाठीं पांचांहून अधिक चित्रपट उभे राहूं लागले, आणि तेव्हांपासून मतदारानें त्यांचा पहिला, दुसरा, तिसरा असा पसंतीचा क्रम लावावयाचा असतो. हा हिशेब घरगुती उदाहरणानें चटकन् कळेल. वीस माणसांच्या कुटुंबांत सणाचें पक्वान्न मतानें ठरवावयाचें आहे. नऊजण श्रीखंड म्हणतात, सहाजण पुरणपोळी आणि पांचजण बासुंदी. साध्या मोजणीनें श्रीखंड जिंकलें. पण निम्म्याहून अधिक, म्हणजे अकरा मतें हवींत अशी अट घातली, तर तळाची बासुंदी बाद होते, व त्या पांच पत्रिकांवर दुसरें नांव कोणतें तें पाहतात. पांचांचीहि दुसरी पसंती पुरणपोळी असली, तर तिचीं अकरा झालीं आणि श्रीखंड राहिलें! ज्या चित्रपटावर कांहींजण जीव ओवाळून टाकतात व बाकीचे नाक मुरडतात तो ह्या मोजणींत अडखळतो. कोणासच न खुपणारा पुढें सरकतो. २०२२ सालीं ‘कोडा’ हा बधिर आईबापांच्या ऐकूं येणाऱ्या मुलीची कथा सांगणारा साधा कौटुंबिक चित्रपट विजयी झाला. त्याला दिग्दर्शनाचें नामांकन नव्हतें, संकलनाचेंहि नव्हतें. परंतु निर्मात्यांच्या संघानें त्यास आधींच निवडलें होतें, आणि त्या संघाची मोजणी ह्याच पद्धतीची आहे.

संकलनाचें नांव निघालें म्हणून सांगतों. संकलनाचें नामांकन नाहीं तर उत्कृष्ट चित्रपटाचें पारितोषिकहि नाहीं, हा भाकितकारांचा लाडका नियम १९८१ पासून तीस वर्षांहून अधिक काळ अबाधित चालला होता. २०१५ सालीं ‘बर्डमॅन’नें तो मोडला. ज्या चित्रांत संकलकाची कात्री दिसूंच नये अशी मुळांतच योजना, त्याच्या संकलनास कोण नांवाजणार! नियम पाठ करणाऱ्यानें नियमाचें कारणहि पाठ करावें तें ह्यासाठीं.

भाकितावर सर्वांनींच डोळे मिटून विसंबलें म्हणजे काय होतें, तें २०२१ सालीं दिसलें. चॅडविक बोसमन हा गुणी नट आदल्या वर्षीं वारला होता. पारितोषिक त्यालाच, असें जो तो धरून चालला होता. त्या रात्रीं नेहमींचा क्रम बदलून उत्कृष्ट नटाचें पारितोषिक अगदीं शेवटीं ठेवलें होतें. लखोट्यांतून निघालें अँथनी हॉपकिन्सचें नांव. हा ८३ वर्षांचा वृद्ध नट तिकडे वेल्समध्यें होता; आभार मानावयास कोणी नाहीं, आणि समारंभ अर्धवटच संपल्यासारखा झाला. खरें पाहतां बरोबर पंधरवड्यापूर्वीं ब्रिटिश अकादमीनें हॉपकिन्सलाच कौल दिला होता.

येथवर ही करमणूक झाली. परंतु तिला एक काळी बाजू आहे. दहा हजार मतदार आपापल्या उद्योगांत गुंतलेले. सारे चित्रपट पाहण्यास सवड कोणास? अशा वेळीं ज्यांचीं नांवें भाकितांत येतात तेच पाहिले जातात, आणि पाहिलेल्यांनाच मतें पडतात. भविष्य सांगणारा अशा रीतीनें भविष्य घडवूं लागतो. २०२५ सालीं अकादमीनें नवा नियम केला, कीं ज्या वर्गांत मत द्यावयाचें त्यांतील सर्व उमेदवार चित्रपट सभासदानें पाहिलेले असले पाहिजेत. न पाहतांच मत देण्याची सोय तोंवर होती, हा ह्याचा सरळ अर्थ!

ह्याचा चटका आपणांसहि बसलेला आहे. ‘श्वास’ (२००४), ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) आणि ‘कोर्ट’ (२०१५) हे मराठी चित्रपट भारतातर्फे पाठविले गेले. अखेरच्या पांचांत एकहि पोंचला नाहीं. ‘श्वास’च्या वेळीं तर अमेरिकेंतील खेळांसाठीं व जाहिरातींसाठीं लोकांकडून वर्गणी जमवावी लागली. तेथील मतदारानें चित्रपट पाहावा एवढ्यासाठींच हा खटाटोप. गुणावगुणाचा विचार त्यापुढचा. उलट १९८३ सालीं आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया ह्यांस जॉन मोलो ह्यांच्यासमवेत वेषभूषेचें पारितोषिक मिळालें, त्या वर्षीं ‘गांधी’ चित्रपट साऱ्या हॉलीवुडच्या डोळ्यांसमोर होता. दिग्दर्शक-संघानें ॲटनबरो ह्यांस आधींच निवडलें होतें, आणि अकादमीनें त्या चित्रपटास एकूण आठ पारितोषिकें दिलीं. बाईंची कारागिरी त्या मानास पात्रच होती. पण ती पाहिली गेली, हेंहि त्यांचें भाग्य. ती मूर्ति नीट जतन व्हावी म्हणून त्यांनीं २०१२ सालीं ती अकादमीकडेच सोंपविली.

आतां पुढील समारंभाच्या आदल्या रात्रीं ज्यांना पैज मारावयाचीच असेल, त्यांनीं ती दिग्दर्शकावर मारावी, व संघाचा कौल पाहून मारावी. नटनटींच्या बाबतींत नट-संघ आणि ब्रिटिश अकादमी ह्यांचें एकमत नसेल, तर पैज लहान ठेवावी. लघुपटांवर आजवर ज्यानें त्यानें ऐकीव नांवावर ठोकून दिलें तरी चालत असे. आतां मतदारांस ते पाहावे लागणार, तेव्हां त्या वर्गांत जुने आडाखे कितपत उपयोगी पडतील ह्याची आम्हांस शंकाच आहे.