ब्लिझर्डचे न आलेले गेम: समज, गैरसमज आणि वस्तुस्थिती

ब्लिझर्ड म्हटलं की वॉरक्राफ्ट, डायब्लो, स्टारक्राफ्ट, ओव्हरवॉच ही नावं आधी आठवतात. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन शहरातला हा स्टुडिओ १९९१ पासून गेम बनवतोय आणि तिथून निघालेला जवळजवळ प्रत्येक मोठा गेम गाजतो, अशी त्याची ख्याती. ती कशी कमावली गेली हे कळायचं असेल, तर बाजारात आलेच नाहीत त्या गेमकडे बघावं लागतं. २००८ मध्ये डाइस या गेम-व्यावसायिकांच्या परिषदेत स्टुडिओचे तेव्हाचे प्रमुख माइक मॉरहाइम यांनी सोडून दिलेल्या गेमची यादीच श्रोत्यांसमोर ठेवली: नोमॅड, क्रिक्सा, शॅटर्ड नेशन्स, वॉरक्राफ्ट अ‍ॅडव्हेंचर्स, स्टारक्राफ्ट घोस्ट आणि आणखी काही. पुढे त्यात टायटनसारख्या अवाढव्य नावाची भर पडली. या गेमविषयी खेळाडूंमध्ये बोललं खूप जातं आणि त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

सर्वांत पक्का समज हा, की गेम रद्द झाला म्हणजे तो अर्धवट किंवा फसलेला असणार. वॉरक्राफ्ट अ‍ॅडव्हेंचर्स: लॉर्ड ऑफ द क्लॅन्स या गेमपुढे हा समज टिकत नाही. माणसांच्या कैदेत वाढलेला थ्रॉल नावाचा तरुण ऑर्क पळून जातो आणि विखुरलेल्या टोळ्यांना पुन्हा एकत्र आणतो, अशी त्याची गोष्ट. माउसने क्लिक करत, पात्रांशी बोलत, कोडी सोडवत पुढे जायचं. हाताने काढलेली चित्रं, कार्टूनपटासारखे प्रसंग. चित्रांचं मोठं काम अ‍ॅनिमेशन मॅजिक या कंपनीमार्फत रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये झालं. संवाद ध्वनिमुद्रित झाले होते. थ्रॉलला आवाज दिला होता अभिनेते क्लॅन्सी ब्राउन यांनी. आणि असा गेम २२ मे १९९८ रोजी, अटलांटातलं ई-थ्री प्रदर्शन आठवड्यावर आलेलं असताना, रद्द झाला. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये त्याची एक प्रत इंटरनेटवर फुटली, तेव्हा तो पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळता येत होता. काही प्रसंगांना आवाज जोडलेला नव्हता, बारीकसारीक दोष होते, एवढंच.

मग अडलं कुठे? काळ पुढे निघून गेला होता. गेमचं काम सुरू झालं तेव्हा अशा चित्रमय साहसकथांची चलती होती. तो पुरा होत आला तोवर लुकासआर्ट्सचा द कर्स ऑफ मंकी आयलंड येऊन गेला होता आणि ग्रिम फँडँगो येऊ घातला होता. आपला गेम तीन वर्षांपूर्वी शोभला असता, आज शिळा वाटेल, अशी ब्लिझर्डमधल्या लोकांची भावना झाली. या प्रकारातले मुरलेले लेखक स्टीव्ह मेरेट्झकी यांना बोलावून कोडी आणि प्रसंग सुधारायचा प्रयत्नही झाला, पण त्या सुधारणांना आणखी वेळ आणि पैसा लागणार होता. गेम ‘तयार’ झाला तरी खर्च थांबत नाही, हे बाहेरून लक्षात येत नाही. चाचण्या, भाषांतरं, सीडी, खोकी, जाहिराती, विक्रीनंतरची मदत हे सगळं पुढेच असतं. झालेला खर्च परत मिळत नसतो; ठरवायचं असतं ते पुढचा करायचा की नाही. ब्लिझर्डने नाही म्हटलं. माझ्या मते तो निर्णय धाडसी होता आणि तेवढाच क्लेशकारकही, कारण ज्यांनी ती चित्रं काढली त्यांच्या कामात उणीव फारशी नव्हती.

दुसरा समज: रद्द झालेला गेम म्हणजे डब्यात गेलेला सिनेमा, आता त्यातलं कुणाच्या काही कामाचं नाही. थ्रॉलचंच पाहा. गेम गेला, पण क्रिस्टी गोल्डन यांनी तीच कथा लॉर्ड ऑफ द क्लॅन्स या कादंबरीत सांगितली. ती २००१ मध्ये आली. २००२ च्या वॉरक्राफ्ट थ्रीमध्ये थ्रॉल प्रमुख नायकांपैकी एक झाला आणि २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला तेव्हा ऑर्कांच्या राजधानीत सिंहासनावर तोच बसलेला होता. तो आधी एका न आलेल्या गेमचा नायक होता, हे त्याच्यासाठी लढलेल्या लाखो खेळाडूंपैकी बहुतेकांच्या गावीही नव्हतं. स्टारक्राफ्ट घोस्टची नायिका नोव्हा हिचंही तसंच झालं: आधी २००६ ची कादंबरी, मग स्टारक्राफ्ट टू, मग २०१६ मध्ये तिच्या नावाची स्वतंत्र मोहीम.

पण याच गोष्टीतून उलट्या टोकाचा गैरसमज जन्मतो. ‘ओव्हरवॉच म्हणजे नाव बदललेला टायटन’ हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं, की त्यावर थोडं थांबायला हवं. टायटन हा हजारो खेळाडूंनी एकाच जगात एकत्र राहायचा गेम होणार होता. काळ नजीकच्या भविष्यातला, जागा आपलीच पृथ्वी. दिवसा तुमचं पात्र साधं नोकरी-धंद्याचं, घरादाराचं आयुष्य जगणार, आणि रात्री गुप्त लढवय्या होऊन चकमकी करणार. म्हणजे दोन वेगवेगळे गेम एकात बसवायचे होते, आणि ते एकमेकांत काही केल्या मिसळेनात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या प्रचंड यशानंतर ‘आता याहून मोठं’ हे दडपण होतंच. शंभरावर माणसं वर्षानुवर्षं राबत होती. २०१३ च्या मेमध्ये काम थांबवलं गेलं, बहुतेकांना इतर गेमवर पाठवलं गेलं आणि टायटनचे दिग्दर्शक जेफ कॅप्लन यांच्याबरोबर सुमारे चाळीस जण उरले. नवी कल्पना आणायला त्यांना मुदत मिळाली सहा आठवड्यांची.

त्या सहा आठवड्यांत त्यांनी आणखी दोन मोठ्या सामायिक जगांच्या कल्पना घासूनपुसून पाहिल्या. शेवटी जे निघालं ते अगदी आटोपशीर होतं: सहा विरुद्ध सहा, छोटे नकाशे, ठसठशीत स्वभावाचे नायक. टायटनमधून आलं काय? काही चित्रकल्पना, काही कौशल्यं. टायटनमध्ये ‘जम्पर’ नावाचा एक वर्ग होता, क्षणात पुढे झेप घेणारा आणि वेळ मागे फिरवणारा. ती हातचलाखी ट्रेसर या एका मुलीच्या अंगात घातली गेली आणि तीच ओव्हरवॉचचा चेहरा झाली. गेमचा सांगाडा, वेग, हेतू हे सारं मात्र नवीन होतं. टायटनच्या लोकांनी सगळ्यांत मोठी गोष्ट नेली ती म्हणजे किती टाकून द्यायचं याची समज. ‘नाव बदललं’ म्हटलं की हे श्रेय त्यांच्याकडून काढून घेतलं जातं, म्हणून मला ते वाक्य खटकतं.

टायटनच्या तारखांतच आणखी एक गोष्ट दडली आहे. गेम एखाद्या दिवशी रद्द होतो आणि त्याच दिवशी जगाला कळतं, असं आपण धरून चालतो. टायटन आत थांबला मे २०१३ मध्ये, जाहीर झालं सप्टेंबर २०१४ मध्ये. स्टारक्राफ्ट घोस्टची तर तऱ्हाच न्यारी. २००२ मध्ये टोकियो गेम शोच्या वेळी घोषणा झाली. काम आधी निहिलिस्टिक या स्टुडिओकडे होतं, मग स्विंगिंग एपकडे गेलं, आणि २००५ मध्ये तो स्टुडिओच ब्लिझर्डने विकत घेतला. त्याच वर्षीच्या ब्लिझकॉन या कंपनीच्या चाहत्यांसाठीच्या मेळाव्यात लोकांनी तो हातात घेऊन खेळूनही पाहिला. तोवर एक्सबॉक्स ३६० येऊ घातला होता आणि घोस्ट ज्या यंत्रांसाठी घडवला होता ती जुनी पडू लागली होती. मार्च २००६ मध्ये शब्द वापरला गेला ‘अनिश्चित काळासाठी स्थगित’. त्या एका शब्दावर चाहत्यांनी आठ वर्षं आशा धरली. आता तो येणार नाही, हे मॉरहाइम यांनी उघडपणे मान्य केलं ते २०१४ मध्ये. कंपनीला आपली माणसं, आपले करार सांभाळायचे असतात हे मला कळतं, पण इतकी वर्षं लोकांना टांगणीला ठेवणं योग्य नव्हतं.

‘मालक लोभी, म्हणून गेम बंद’ हा समज मात्र सरसकट खोडून काढता येत नाही. लॉर्ड ऑफ द क्लॅन्स आणि टायटन बनवणाऱ्यांनीच थांबवले. वरून कुणी कुऱ्हाड चालवली नव्हती. पण २०२४ च्या जानेवारीची घटना वेगळी आहे. मायक्रोसॉफ्टने ६८.७ अब्ज डॉलरचा व्यवहार करून ब्लिझर्डची पालक कंपनी अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ताब्यात घेतली ऑक्टोबर २०२३ मध्ये. पुढच्या तीनच महिन्यांत गेम विभागातल्या १,९०० जणांना कामावरून काढण्यात आलं आणि त्याच दिवशी, २५ जानेवारीला, ब्लिझर्डचा कित्येक वर्षं चाललेला सर्व्हायव्हल गेम रद्द झाला. ओडिसी या आतल्या नावाने तो ओळखला जायचा. त्याच्याही तांत्रिक अडचणी होत्या. तरीही टायटनच्या माणसांना दुसरं काम मिळालं आणि इथे अनेकांची नोकरीच गेली, हा फरक नजरेआड करू नये.

उरला फुटलेल्या प्रतींचा प्रश्न. लॉर्ड ऑफ द क्लॅन्सप्रमाणे घोस्टचीही एक जुनी कच्ची प्रत २०२० मध्ये बाहेर आली. ‘कंपनीने टाकून दिलं, म्हणजे आता सगळ्यांचं’ असं अनेकांना वाटतं. कायदा तसं म्हणत नाही. न विकलेल्या गेमवरही कंपनीचा स्वामित्वहक्क तितकाच पक्का असतो आणि आज तो मायक्रोसॉफ्टकडे आहे. कच्ची प्रत खेळून ‘बरं झालं आला नाही’ असा निकाल देणंही चूकच. जो गेम घडायचा होता त्याचा तो एक टप्पा असतो.

टाकून दिलेला गेम अधिकृतपणे बाहेर काढता येतच नाही, असंही नाही. निन्टेन्डोचा स्टार फॉक्स टू १९९५ च्या सुमारास जवळपास पुरा होऊन बाजूला पडला होता. २०१७ मध्ये निन्टेन्डोने तो आपल्या छोट्या सुपर एनईएस यंत्रात घालून दिला आणि लोकांनी तो आनंदाने खेळला. लॉर्ड ऑफ द क्लॅन्ससाठी मायक्रोसॉफ्टने हेच करावं, असं मला मनापासून वाटतं. गेम आहे, गोष्ट जगभर ओळखीची आहे, आवाज बहुतांशी मुद्रित आहेत. आणि गेमच्या अखेरीस जी नामावली सरकते, ती सेंट पीटर्सबर्गच्या त्या चित्रकारांच्या नावांसह एकदा रीतसर पडद्यावर यायला हवी.