कुलूप भक्कम, किल्ली सुरक्षित. तरी माहिती फुटते कशी?

अमेरिकेतील अ‍ॅडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहकांची माहिती चोरीस गेल्याचे ऑक्टोबर २०१३ मध्ये उघड झाले. कंपनीने आरंभी सुमारे २९ लाख ग्राहकांचा उल्लेख केला. पुढे महाजालावर आलेल्या धारिकेत मात्र १५ कोटींहून अधिक नोंदी आढळल्या. त्यांतील पासवर्ड उघडे नव्हते. ‘ट्रिपल डीईएस’ या मान्यताप्राप्त कूटलेखनाने ते झाकलेले होते आणि किल्ली त्या धारिकेत नव्हती. तरीही अल्पावधीतच अभ्यासकांनी लाखो खातेदारांचे पासवर्ड ओळखले. हे कसे घडले, हे समजून घ्यायचे तर कूटलेखनाच्या ‘कार्यपद्धती’ समजून घ्याव्या लागतात.

ठोकळ्यांचे गणित

आज सर्वत्र वापरले जाणारे ‘एईएस’ हे कूटलेखन २००१ मध्ये अमेरिकेत मानक म्हणून स्वीकारले गेले. ते एका वेळी नेमका १६ बाइटचा ठोकळा घेते आणि गुप्त किल्लीच्या साह्याने त्याचे तेवढ्याच लांबीच्या निरर्थक भासणाऱ्या ठोकळ्यात रूपांतर करते. त्याच किल्लीने मूळ मजकूर परत मिळतो. संगणकावर प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. म्हणजे एका ठोकळ्यात जेमतेम पाच चिन्हे मावतात. साहजिकच साधे पत्र पाठवायचे तरी शेकडो ठोकळे लागतात. हे ठोकळे एकमेकांशी कसे जोडायचे, याच्या नियमाला कार्यपद्धती म्हणतात. यांपैकी पहिल्या चार पद्धती अमेरिकेच्या मानक संस्थेने जुन्या ‘डीईएस’ कूटलेखनासाठी १९८० मध्येच निश्चित केल्या होत्या.

सर्वांत सोपी, सर्वांत धोक्याची

पहिली पद्धत ‘ईसीबी’, म्हणजेच इलेक्ट्रॉनिक कोडबुक. यात प्रत्येक ठोकळा स्वतंत्रपणे कूटबद्ध होतो. दोष इतकाच, की किल्ली तीच असेल तर सारख्या मजकुराचे उत्तर नेहमी सारखेच येते. एकरंगी पार्श्वभूमीचे चित्र या पद्धतीने झाकले तर रंग बदलतात, पण आकृतीची बाह्यरेषा स्पष्ट दिसत राहते. शिवाय ठोकळे परस्परांशी बांधलेले नसल्याने एका नोंदीतील ठोकळा उचलून दुसऱ्या नोंदीत बसवता येतो. रक्कम असलेला ठोकळा असा बदलला गेला तर काय होईल, याची कल्पना करणे कठीण नाही.

अ‍ॅडोबीने हीच पद्धत वापरली होती. सर्व खात्यांसाठी किल्ली एकच असल्याने एकच पासवर्ड निवडणाऱ्या सर्वांच्या नोंदी हुबेहूब सारख्या दिसत होत्या. त्यातच पासवर्ड आठवावा म्हणून ग्राहकांनी लिहिलेल्या सूचना उघड्याच ठेवल्या होत्या. सारख्या नोंदी एकत्र करायच्या आणि त्यांच्या सूचना वाचायच्या, एवढे पुरेसे होते. सर्वाधिक आढळलेला पासवर्ड ‘१२३४५६’ होता आणि तो सुमारे १९ लाख खात्यांवर होता. वस्तुतः पासवर्ड परत उलगडता येतील अशा रीतीने साठवणेच गैर; त्यांच्यासाठी प्रत्येक खात्याला वेगळी भर घालून केलेले एकेरी रूपांतर वापरायचे असते.

साखळी आणि गणक

दुसरी पद्धत ‘सीबीसी’, म्हणजेच सायफर ब्लॉक चेनिंग. यात प्रत्येक ठोकळा कूटबद्ध करण्यापूर्वी आधीच्या कूटबद्ध ठोकळ्यात मिसळला जातो. पहिल्या ठोकळ्याच्या आधी काही नसल्याने तेथे एक यादृच्छिक आरंभसंख्या घेतात. ती गुप्त नसली तरी चालते. मात्र तिचा आगाऊ अंदाज कोणाला येता कामा नये. यामुळे सारखा मजकूरही दरवेळी वेगळा दिसतो. परंतु अखेरचा ठोकळा भरून काढण्यासाठी जी भर घालावी लागते, तिच्यातून एक फट निर्माण होते. ‘भर चुकीची आहे’ असे उत्तर सर्व्हर देत असेल, तर त्या उत्तरांवरूनच मजकूर हळूहळू उलगडता येतो, हे सर्ज व्होदने यांनी २००२ मध्ये दाखवले. २०१४ मधील ‘पूडल’ हा हल्ला याच जातीचा होता.

‘सीएफबी’ आणि ‘ओएफबी’ या उरलेल्या दोन जुन्या पद्धती. २००१ मध्ये त्यांत ‘सीटीआर’ ही गणक पद्धत अधिकृतपणे जोडली गेली. यात मजकूर थेट कूटबद्ध होत नाही. एक, दोन, तीन असे वाढत जाणारे आकडे कूटबद्ध केले जातात आणि त्यातून निघालेला प्रवाह मजकुरात मिसळला जातो. हे काम समांतर चालत असल्याने वेग मोठा मिळतो. अट एकच: त्याच किल्लीने तोच आकडा पुन्हा कधीही वापरायचा नाही. ही अट मोडली तर दोन संदेशांची परस्परांशी तुलना करून दोन्ही उलगडण्याची वाट मोकळी होते.

शिक्का हवाच

गणक पद्धत गुप्तता राखते. पण वाटेत कोणी एखादा बिट उलटवला तर ते तिला कळत नाही. ही उणीव ‘जीसीएम’ पद्धतीने भरून निघते. ती गणक पद्धतीलाच पडताळणीचा शिक्का जोडते. मजकुरात किंचितही फेरफार झाला तर शिक्का जुळत नाही आणि संदेश नाकारला जातो. आकडा पुन्हा न वापरण्याची अट येथे अधिकच कठोर आहे, कारण ती मोडल्यास शिक्काही बनावट करता येतो. संकेतस्थळांशी सुरक्षित संपर्कासाठी २०१८ मध्ये आलेल्या ‘टीएलएस १.३’ या मानकाने सीबीसीला पूर्ण फाटा दिला आणि शिक्क्यासह चालणाऱ्या पद्धतीच ठेवल्या.

जुनी चूक मात्र पुन्हा घडली. टाळेबंदीच्या काळात घराघरांत पोहोचलेले झूम हे अ‍ॅप ध्वनी व चित्रासाठी ईसीबी वापरत असल्याचे टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने एप्रिल २०२० मध्ये दाखवून दिले. त्यानंतर कंपनीने जीसीएम स्वीकारली.

‘तुमची माहिती एईएसने सुरक्षित आहे’ ही ग्वाही आज प्रत्येक अ‍ॅप देते. ती खोटी असतेच असे नाही, पण अपुरी असते. सेवा विकत घेणाऱ्या पतसंस्था, शाळा, रुग्णालये यांनी पुरवठादाराला तीन प्रश्न लेखी विचारावेत: कार्यपद्धती कोणती, फेरफार ओळखणारा शिक्का आहे का आणि पासवर्ड उलगडता येतील असे साठवले जातात का? सामान्य वापरकर्त्याच्या हाती उरते ते एवढेच, की एका खात्याचा पासवर्ड दुसऱ्या खात्यावर वापरू नये. एका कंपनीची चूक मग त्या एका खात्यापुरतीच मर्यादित राहते.