शेजारच्या इमारतींची रेघ

मुंबईच्या फोर्ट भागात जुन्या इमारतीवर मजला चढवायचा प्रस्ताव असेल, तर नकाशांच्या गठ्ठ्यात एक जास्तीचा कागद जोडावा लागतो. तो शेजाऱ्यांचा असतो. आपली इमारत मधोमध, दोन्ही बाजूंना रस्त्यावरच्या बाकीच्या इमारती, आणि सगळ्यांचे छज्जे, कॉर्निस, खिडक्यांचे माथे एकाच मापात काढलेले. वास्तुविशारद म्हणून मी मुंबई वारसा जतन समितीपुढे प्रस्ताव मांडत आले आहे. तिथे या एका कागदावर जेवढं बोलणं होतं, तेवढं दुसऱ्या कशावरच होत नाही.

ही व्यवस्था १९९५च्या वारसा नियमावलीतून आली. यादीतल्या वास्तूंना तीन दर्जे आहेत आणि दुसऱ्या दर्जाचे पुन्हा अ आणि ब असे दोन भाग. पहिल्या दर्जाच्या वास्तूला जतनापुरताच हात लावायचा. दर्जा खाली येतो तशी बदलाला मुभा वाढते. याशिवाय बॅलार्ड इस्टेट, खोताची वाडी यांसारखे अख्खे परिसर यादीत आहेत. समितीत वास्तुविशारद असतात, संरचना अभियंता असतो, शहराच्या इतिहासाचे जाणकार असतात. समिती सल्ला देते, अंतिम निर्णय महापालिका आयुक्तांचा.

तो रस्त्याचा कागद तयार करणं हे खरं कष्टाचं काम. टेप आणि लेझर घेऊन गल्लीत उतरायचं, फुटपाथपासून प्रत्येक कॉर्निसची उंची घ्यायची. शेजारच्या दुकानदाराला समजावून गच्चीवर जायचं. मापं कागदावर उतरली की कळतं, डोळ्यांना सरळ दिसणारी रेघ सरळ नसतेच. एका इमारतीचा छज्जा वीतभर वर, पुढचीचा खाली. पण खिडक्या सगळ्यांच्या उभ्या, भिंत आणि खिडकी यांचं प्रमाण जवळपास सारखं. त्या ओळीत काचेचा आडवा पट्टा आणला की तो कागदावरच खुपतो, तिथे कुणाला भाषण करावं लागत नाही.

वाढीव मजल्याचा प्रश्न आला की सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, उघडला जातो. समोरच्या फुटपाथवर उभ्या माणसाच्या डोळ्यांपासून जुन्या कठड्याच्या माथ्यापर्यंत रेघ ओढायची आणि ती तशीच पुढे न्यायची. नवा मजला त्या रेघेच्या खाली राहिला, तर रस्त्यावरून दिसत नाही. वर आला, तर मागे सरकवा. मालकाला प्रत्येक फूट महाग असतो, त्यामुळे या रेघेवर घासाघीस होते. मला मात्र ही कसोटी फार न्याय्य वाटते, कारण ती कुणाच्या आवडीनिवडीवर चालत नाही.

साहित्याचंही तसंच. मालाडचा पिवळसर दगड चुन्यात बसवलेला असतो. त्याच्या सांध्यांत सिमेंट भरलं, की पावसाळ्यात मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. दोन झडपांची लाकडी खिडकी पूर्ण उघडते, अ‍ॅल्युमिनियमची सरकती अर्धीच. जुनं टिकवा असं समिती सांगते तेव्हा त्यामागे बऱ्याचदा असं व्यवहाराचं कारण असतं.

मिळतंजुळतं म्हणजे नक्कल, असं अनेक मालकांना वाटतं. ते तयार साच्यातल्या खोट्या कमानी घेऊन येतात. त्यांना मी दादाभाई नौरोजी मार्गावर घेऊन जाते. तिथे गॉथिकशेजारी अभिजात युरोपीय घडणीची इमारत आहे, पुढे घुमटाची. एकीचं नक्षीकाम दुसरीत नाही. तरी रस्ता एकसंध वाटतो, कारण तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी सलग कमानींची पडवी ठेवण्याचं बंधन १८९६ सालीच घातलं गेलं होतं. ऊन-पावसात माणूस छपराखालून चालतो. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. शैलीचा संबंध नाही, पण पश्चिमेच्या रांगेनं एकमेकींची उंची आणि रेषा पाळली. २०१८ साली या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारशाचं स्थान मिळालं.

या पद्धतीवर माझा विश्वास आहे, म्हणूनच तिच्यातली उणीव सांगायला हवी. ‘परिसराशी सुसंगत नाही’ एवढाच शेरा मारून प्रस्ताव परत आलेला मी पाहिला आहे. काय सुसंगत नाही? उंची, खिडकी, रंग? कारण लिहिलेलं नसेल तर मालक समितीला अडथळा समजतो आणि रात्रीतून खिडक्या बदलून मोकळा होतो. नकाराला मापाचा आधार द्या, अर्जदार ऐकतो हा माझा अनुभव आहे. मोठी उणीव मात्र समितीच्या हातात नव्हती. १९९९ साली नियमात बदल झाला आणि तिसऱ्या दर्जाच्या, तसंच वारसा परिसरातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास समितीच्या कक्षेबाहेर गेला. दक्षिण मुंबईतल्या साध्या, भाडेकरूंनी भरलेल्या चाळी आणि इमारती नेमक्या याच वर्गातल्या. रस्त्याची रेघ त्यांनीच धरलेली असते. गिरगावात अशा एका इमारतीच्या जागी वाहनतळाच्या मजल्यांवर उभा राहिलेला मनोरा पाहिला की काय गेलं ते दिसतं. भाडेकरूंना धड घर मिळायलाच हवं, त्यात वाद नाही. पण तळाशी जुन्या रांगेएवढी उंची राखून मनोरा मागे घेता येतो, आणि ते विचारणारं कुणीतरी असायला हवं.

तुमची इमारत अशा परिसरात असेल आणि पुनर्विकासाची सभा लागली असेल, तर नकाशा दाखवणाऱ्याला एवढंच सांगा: शेजारच्या इमारतींसकट एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजूचा नकाशा, दाखवा. ते पाहिल्याशिवाय सही करू नका.