आठ वर्षं गप्प राहिलेला आवाज

काही नट चेहऱ्याने लक्षात राहतात, काही चालण्याच्या ढबीने. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, ते अमेरिकन नट जेम्स अर्ल जोन्स जगाच्या लक्षात राहिले ते आवाजाने. ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालेतला काळ्या मुखवट्याचा डार्थ व्हेडर बोलतो तो त्यांच्या आवाजात. १९९४ सालच्या ‘द लायन किंग’मधला सिंहांचा राजा मुफासा आपल्या बछड्याला चार गोष्टी समजावतो, तोही त्यांच्याच आवाजात. २०१९ साली हा चित्रपट नव्याने आला तेव्हाही इंग्रजीत मुफासा तेच होते. आपल्याकडे पुष्कळ मुलांनी तो हिंदीतून पाहिला. त्यात मुफासा झाले होते शाहरुख खान, त्यामुळे जोन्स यांचा आवाज त्यांच्या कानावरून राहूनच गेला.

खोल विहिरीत पोहरा टेकावा आणि त्याचा नाद वर यावा, तसा तो आवाज. हा आवाज ज्या माणसाचा, तो लहानपणी जवळजवळ आठ वर्षं कोणाशी धड बोललाच नव्हता. कारण तो तोतरा होता.

जोन्स यांचा जन्म १७ जानेवारी १९३१ रोजी मिसिसिपी राज्यातल्या अर्काबुटला या खेड्यात झाला. वडील रॉबर्ट अर्ल जोन्स आधी मुष्टियोद्धे होते, पुढे नट झाले. पण ते घर सोडून गेले होते. आई कामासाठी दूर असायची. मुलाला वाढवलं ते आईच्या आईवडिलांनी. विसाव्या शतकात दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं वंशद्वेष आणि दारिद्र्य यांना कंटाळून उत्तरेकडे निघाली. हे कुटुंबही त्यांतलंच. मुलगा पाच वर्षांचा असताना ते उत्तरेतल्या मिशिगन राज्यात शेती करायला आले. घर बदललं, आईबाप जवळ नाहीत, आणि मुलाची जीभ अडखळू लागली. चर्चमध्ये चार ओळी म्हणायला उभं केलं की मुलं हसायची. मग त्याने बोलणंच सोडलं. घरात कामापुरते दोन शब्द आणि शाळेत लिहून उत्तरं. शेतावरच्या जनावरांशी मात्र तो बोलायचा. जनावरं हसत नाहीत.

तोतरेपणाविषयी आपल्याकडे अजून फार गैरसमज आहेत, म्हणून इथे जरा थांबतो. लहान मुलांपैकी शंभरात पाचेक मुलं केव्हा ना केव्हा अडखळत बोलतात. त्यांतली बरीचशी आपोआप सुधारतात आणि मोठ्या माणसांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उरतं. मुलींपेक्षा मुलग्यांत ते जास्त आढळतं. त्याचा बुद्धीशी संबंध नाही आणि तो आळसही नव्हे. भीतीने तो वाढतो, पण त्याचं मूळ मेंदूतल्या बोलण्याच्या जुळणीत असतं, आणि पुष्कळदा ते आनुवंशिक असतं. मुलाला काय म्हणायचं आहे ते पक्कं ठाऊक असतं, शब्द ओठांपर्यंत आलेला असतो, पण सुटत नाही. अशा वेळी ‘अरे, नीट बोल ना’ म्हणणं, किंवा कळवळ्याने त्याचं वाक्य आपणच पुरं करून टाकणं, यांतलं काहीही त्याच्या उपयोगाचं नसतं. त्याच्याकडे बघत, घाई न करता थांबून राहणं एवढंच ऐकणाऱ्याच्या हाती असतं.

जोन्स यांना असा थांबणारा माणूस भेटला तो शाळेत. डोनाल्ड क्राउच नावाचे इंग्रजीचे शिक्षक होते. हा गप्प मुलगा कविता लिहितो हे त्यांना कळलं. युद्धाचा काळ होता. त्या कडाक्याच्या थंडीच्या मुलखात दूर फ्लोरिडाहून ग्रेपफ्रूट नावाची फळं आली होती. आपल्या पपनसाच्या जातीचं हे फळ. त्याची चव मुलाच्या मनात भरली आणि त्याने त्यावर कविता केली. वृत्त उचललं ते लाँगफेलो या अमेरिकन कवीच्या ‘हायावाथा’ या दीर्घकाव्याचं. क्राउचसरांनी ती वाचली आणि म्हणाले, इतकी चांगली कविता तुझीच कशावरून? तुझी असेल तर वर्गापुढे उभा राहा आणि तोंडपाठ म्हणून दाखव.

मुलगा उभा राहिला आणि एकदाही न अडखळता त्याने ती म्हटली.

ही गोष्ट आता फार ठिकाणी सांगितली जाते आणि बहुधा चमत्कारासारखी सांगितली जाते. मला कवी म्हणून त्यातला चमत्कार कमी आणि कारागिरी जास्त दिसते. ‘हायावाथा’चं वृत्त अगदी ठाशीव आहे. ओळीत साधारण आठ अक्षरं, एकावर जोर, दुसरं हलकं, पुन्हा जोर, पुन्हा हलकं. ढोलाच्या ठेक्यासारखं ते चालतं. तोतरी बोलणारी बरीच माणसं गाताना अडखळत नाहीत, चारचौघांच्या सुरात सूर मिसळून म्हणतानाही अडखळत नाहीत. बोलताना प्रत्येक शब्द त्या क्षणी जुळवावा लागतो. पाठ असलेल्या कवितेत शब्द आधीच ठरलेला असतो आणि पुढचं अक्षर केव्हा पडायचं ते लय सांगते. आमच्या मुशायऱ्यांतही हे पाहायला मिळतं. चहाच्या टपरीवर दोन वाक्यं बोलताना ज्याची दमछाक होते, तो माईकपुढे तरन्नुममध्ये आख्खी गझल सरळ म्हणून जातो. शिवाय माझ्यासारख्या, घरी दखनी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलाला पाठ कवितेचा केवढा आधार असतो ते मी जाणतो. तिथे आपली जीभ चुकत नाही.

पण क्राउचसरांची युक्ती जोखमीचीही होती. तोतऱ्या मुलाला असं वर्गापुढे उभं केलं आणि तो अडकला, तर पुढची आठ वर्षंही गेली असती. म्हणून ऐकणाऱ्या शिक्षकांनी उद्याच हा प्रयोग करू नये. महत्त्वाचं काम त्या दिवसानंतर झालं. सरांनी मुलाला रोज मोठ्याने वाचायला लावलं, कविता पाठ करायला लावल्या, वादविवादात आणि वक्तृत्वाच्या स्पर्धांत उतरवलं. तोतरेपणा गेला नाही. तो कधीच गेला नाही, जोन्स जन्मभर हेच सांगत राहिले. ते त्याला सांभाळून घ्यायला शिकले. अडणारा शब्द दिसला की ते दुसरा शब्द शोधत. वाक्य मनात तयार करूनच तोंड उघडत आणि मध्ये थांबत. समीक्षक ज्याला त्यांच्या बोलण्यातला राजेशाही संथपणा म्हणतात, तो मला पुष्कळसा या सावधपणातून आलेला वाटतो.

मिशिगन विद्यापीठात ते डॉक्टर व्हायला गेले आणि नाटकाकडे वळले. मध्ये सैन्यातली नोकरी झाली. मग न्यूयॉर्क गाठलं. तिथे वडील होते. डाव्या विचारांच्या संशयावरून त्या काळात अनेक कलावंतांचं काम बंद केलं गेलं होतं, त्यांत तेही सापडले होते. मुलाने बापाला नीट ओळखलं ते या वयात. १९५८ साली कोर्ट थिएटरमध्ये ‘सनराइज अॅट कँपोबेलो’ हे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यावरचं नाटक लागलं. त्यात जोन्स घरगड्याच्या छोट्या भूमिकेत होते. जेवण वाढलं आहे एवढंच रूझवेल्टबाईंना सांगायचं, आणि त्या एका वाक्यातल्या ‘म’वर त्यांची जीभ अडली होती. या थिएटरला २०२२ साली त्यांचं नाव देण्यात आलं. आज ते जेम्स अर्ल जोन्स थिएटर आहे.

त्या काळात कृष्णवर्णीय नटाला नोकर, कैदी किंवा गुंड यांपलीकडे फारसं काही मिळत नसे. शेक्सपिअरची नाटकं ही मोकळी जागा होती. जोसेफ पॅप हे निर्माते न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ती फुकट दाखवत आणि भूमिका देताना रंग पाहत नसत. तिथे जोन्स ऑथेल्लो झाले आणि १९७३ साली किंग लिअरही झाले. टेलिव्हिजनवर १९६३ साली एका मालिकेच्या भागात त्यांनी हार्लेम वस्तीतला एक बाप केला, ज्याचं तान्हं बाळ उंदीर चावून मरतं. दक्षिणेतल्या काही केंद्रांनी तो भाग दाखवलाच नाही. १९६६ साली दुपारच्या घरगुती मालिकांत ते डॉक्टर झाले. अशा मालिकांत सलग भूमिका मिळालेल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय नटांत ते होते.

त्यांचं खरं नाव झालं ते ‘द ग्रेट व्हाइट होप’ या नाटकाने. जॅक जॉन्सन हा हेवीवेट गटातला पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता. १९०८ साली तो जिंकला आणि त्याला हरवणारा गोरा शोधत सगळा देश फिरला. त्याच्या आयुष्यावर हे नाटक बेतलेलं होतं. १९६७ साली ते वॉशिंग्टनमध्ये उभं राहिलं. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी घालणारे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते त्याच वर्षी. रंगमंचावर गोरी नायिका आणि काळा नायक एका बिछान्यात दिसत. नायिकेचं काम करणाऱ्या जेन अलेक्झांडर यांना धमक्यांची पत्रं आली. दोघं डगमगले नाहीत. १९६९ साली जोन्स यांना रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला. १९७० साली नाटकाचा चित्रपट झाला आणि सर्वोत्तम अभिनेत्याच्या ऑस्करसाठी त्यांचं नाव आलं. सिडनी पॉइटिए यांच्यानंतर हा मान मिळालेले ते दुसरेच कृष्णवर्णीय नट.

एवढं असूनही १९७७ साली डार्थ व्हेडरच्या आवाजासाठी त्यांना मिळाले सात हजार डॉलर. काळ्या पोशाखाच्या आत होते डेव्हिड प्राउझ नावाचे धिप्पाड इंग्रज, पण त्यांची गावाकडची बोली दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांना चालेना. व्हेडरचा तो भीतिदायक श्वास पाणबुड्याच्या श्वसनयंत्रातून काढला होता. जोन्स यांचं काम काही तासांत झालं. पहिल्या दोन चित्रपटांत श्रेयनामावलीत आपलं नाव नको, असं त्यांनीच सांगितलं. आपण तिथे नट म्हणून नव्हतो, ध्वनीचा एक परिणाम म्हणून होतो, असं त्यांचं म्हणणं. हा विनय मला थोडा जास्तच वाटतो. तो आवाज काढून टाका, व्हेडरचा नुसता पुतळा उरेल.

पुढची यादी मोठी आहे, ती सगळी सांगत बसत नाही. १९८७ साली ऑगस्ट विल्सन यांच्या ‘फेन्सेस’ नाटकात त्यांनी कचरा गोळा करणारा एक कडवट बाप उभा केला आणि दुसरा टोनी मिळवला. बापाविना वाढलेल्या माणसाने केलेला हा बाप मला त्यांच्या सगळ्या कामांत मोठा वाटतो. १९९१ साली त्यांना टेलिव्हिजनचे दोन एमी पुरस्कार एकाच रात्री मिळाले. त्यांतला एक ‘गेब्रिएल्स फायर’साठी होता. त्यात ते वीस वर्षं तुरुंगात काढलेला माजी पोलीस होते. वाहिनीवाल्यांनी दुसऱ्या वर्षी त्या गंभीर मालिकेची हलकीफुलकी मालिका केली आणि ती बंद पडली. जोन्स यांनी सीएनएन वाहिनीची ओळख आपल्या आवाजात करून दिली. टेलिफोन कंपनीच्या जाहिरातीही केल्या. आठ वर्षं मुका राहिलेला मुलगा टेलिफोन कंपनीचा आवाज झाला, ही गंमत त्यांनाही कळत असणार. २०११ साली त्यांना मानद ऑस्कर मिळालं.

वय झालं, आवाज थकला, तेव्हा एक नवाच प्रश्न आला. २०२२ सालच्या ‘ओबी-वॉन केनोबी’ मालिकेत व्हेडर हवा होता. युक्रेनमधल्या एका कंपनीने जोन्स यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून संगणकाने तो आवाज घडवला आणि त्यांनी परवानगी दिली. ९ सप्टेंबर २०२४ रोजी, वयाच्या ९३व्या वर्षी ते गेले. मे २०२५मध्ये ‘फोर्टनाइट’ या संगणकीय खेळात व्हेडर खेळणाऱ्यांशी गप्पा मारू लागला. कुटुंबाची संमती होती. पण खेळणाऱ्यांनी थोड्याच वेळात त्याच्या तोंडून शिव्या वदवून घेतल्या आणि कंपनीला घाईने दुरुस्ती करावी लागली. नटांच्या संघटनेने कामगार मंडळाकडे तक्रार नेली ती वेगळ्या मुद्द्यावर. व्हेडरचा आवाज काढून पोट भरणारे दुसरे कलावंतही आहेत. त्यांचं काम यंत्राला देताना आम्हाला विचारलं का नाही, असं संघटनेचं म्हणणं होतं.

ज्यांना जोन्स यांचा आवाज ऐकायचा असेल त्यांनी व्हेडरपासून सुरुवात करू नये. १९६९ साली ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या कार्यक्रमासाठी त्यांनी इंग्रजी मुळाक्षरं म्हटली होती. मुष्टियोद्ध्याच्या भूमिकेसाठी डोकं तासलेलं, नजर सरळ कॅमेऱ्यात. एक अक्षर पडद्यावर उमटतं, मोठा थांबा येतो आणि मग ते उच्चार करतात. कार्यक्रम बनवणाऱ्यांनी मुलांना हे दाखवून पाहिलं. पहिल्यांदा मुलं त्यांच्याबरोबर अक्षर म्हणत. दोन-चार वेळा पाहिल्यावर त्या थांब्यातच मुलं ओरडून अक्षर सांगून टाकत, आणि जोन्स ते नंतर म्हणत.