ग्रंथपालाचे वेतन आणि त्याचा दर्जा

विद्यापीठातील ग्रंथपालास अध्यापक मानावे की केवळ कर्मचारी, हा वाद जुना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ साली डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ग्रंथपालांस अध्यापकांच्या बरोबरीचे वेतन व दर्जा द्यावा, अशी शिफारस केली. वेतनापुरती ती पुढे बव्हंशी फलद्रूप झाली. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने साहाय्यक ग्रंथपाल व साहाय्यक प्राध्यापक यांस एकाच, म्हणजे दहाव्या, वेतनस्तरावर ठेविले. परंतु मूल्यमापनाच्या पहिल्या निकषावर ‘चांगला’ ठरण्यास अध्यापकाने नेमून दिलेल्या तासिकांपैकी ८० टक्के घेणे पुरेसे; ग्रंथपालाची मात्र ९० टक्के उपस्थिती हवी. एकाचे मोजमाप कार्याने, दुसऱ्याचे हजेरीने! संशोधकास दुर्मिळ संदर्भ शोधून देण्यात खर्ची पडलेला दिवस हजेरीपटावर इतर दिवसांसारखाच दिसतो. तो भेद मोजला जाईपर्यंत समान वेतन म्हणजे समान दर्जा नव्हे.