उंबराला फूल येतं, पण दिसत का नाही?

सोलापूर : बऱ्याच दिवसांनी दिसलेल्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. पण उंबराला फुलं येतातच, ती फळाच्या आत असतात. कच्चं उंबर मधोमध चिरून बघा, आत बारीक फुलं दाटीवाटीने दिसतील.

पिकलं उंबर फोडल्यावर जे किडे निघतात, ते फळ सडल्याचे नव्हेत. चिलटाएवढी मादी माशी टोकाच्या छिद्रातून आत शिरते, परागीकरण करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. नव्या माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. त्या एक-दोन दिवसच जगतात. तेवढ्यात दुसरं उंबर गाठावं लागतं. म्हणून बांधावरची, ओढ्याकाठची झाडं एकेक करून तोडली, तर उरलेल्या झाडालाही फटका बसतो.

उंबर वर्षातून बऱ्याच वेळा फळतं. उन्हाळ्यात रान मोकळं असताना पाखरं, वटवाघळं त्यावर जगतात. पाला शेळ्या खातात. लाकूड मऊ, त्याला फारसा भाव नाही. तोडून हाती थोडंच लागतं.

पाखरांच्या विष्ठेतून बी विहिरीच्या दगडांत रुजतं. असं रोप पावसाळ्यात मुळासकट अलगद काढून ओढ्याकाठी लावावं.